कोयता कारखान्यावर, म्हातारं घरी
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळायचा खर्च भागवायचा कुठून?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर हलायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी, कुठलाही तालुका घ्या. भांडीकुंडी, लेकरं, बैलं घेऊन माणसं सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-सोलापूरकडे, नाहीतर पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला माघारी येतात. मधले पाच-सहा महिने गाव म्हाताऱ्या माणसांच्या हवाली असतं.

हातपाय चालतात तोवर म्हातारं माणूस ओझं होत नाही. ते घरी राहून नातवंडं सांभाळतं, शेरडं राखतं, नाहीतर संगट जाऊन कोपीची राखण करतं. खरी अडचण उभी राहते ती माणूस अंथरुणाला खिळलं की. लकवा मारला, खुब्याचं हाड मोडलं, डोळे गेले, किंवा नुसतं वय झालं आणि उठवेना. मग घरात एकच प्रश्न असतो: मागं कोण राहणार?

हा प्रश्न मायेचा आहे तसाच पैशाचाही आहे. पैशाचं बोलायला आपल्याकडं माणूस लाजतो, म्हणून तेवढंच आज बोलू.

आधी हिशेब मांडू

कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांचा जो करार झाला, त्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला असं धरू. दिवसाचे ७३२ रुपये होतात. महिन्यात पंचवीस दिवस काम मिळालं तर १८ हजार ३०० रुपये. त्यातलं एक माणूस म्हाताऱ्यापाशी थांबलं की कोयता अर्धा झाला. म्हणजे महिन्याला ९ हजार १५० रुपये बुडाले आणि पाच महिन्यांच्या हंगामात पावणेसेहेचाळीस हजार. शिवाय अर्ध्या कोयत्याला मुकादम पुरी उचल देत नाही. दिलेली उचल फिटली नाही तर ती पुढच्या सालावर चढते. औषधपाणी, रिक्षाभाडं, दवाखाना यातलं काहीच अजून आपण धरलेलं नाही.

शहरात हा खर्च डोळ्यांना दिसतो, कारण तिथं बाई किंवा गडी पगारानं ठेवतात. आपल्याकडं तो दिसत नाही, कारण घरातली बाईच करते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवायचं, पुसायचं, घाण काढायची. मळलेली धडुती धुवायला पाणी लागतं, आणि माघ-फाल्गुनात आपल्या भागात ते पाणी कुठून आणावं लागतं हे वाचकांना सांगायला नको. ही सगळी मेहनत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. सून राहिली तर घराची मजुरी बुडते. आणि सून राहिली नाही तर बारा-तेरा वर्षांची पोरगी आजीपाशी ठेवतात आणि तिची शाळा सुटते. त्या पोरीचं वर्ष हीसुद्धा सांभाळण्याची किंमतच, फक्त ती दुसऱ्यानं मोजलेली.

निराधाराचा पगार

सरकारी मदतीत पहिलं नाव घ्यायचं ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. महाराष्ट्रात ही योजना १९८० पासून आहे. गावात तिला कुणी अनुदान म्हणत नाही. 'म्हातारीला पगार चालू झाला' असंच म्हणतात. पासष्टच्या आतल्या निराधार, दिव्यांग, विधवा, दुर्धर आजारी अशा माणसांसाठी ही योजना, आणि पासष्ट पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतनही याच रकमेत धरलेलं असतं. कित्येक वर्षं ६०० रुपयांवर अडलेली ही रक्कम २०१९ मध्ये हजार झाली आणि जुलै २०२३ पासून दीड हजार. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार ठरले.

दीड हजारात पावणेसेहेचाळीस हजारांची भरपाई होत नाही. पाच महिन्यांचे साडेसात हजार होतात. पण साडेसात हजार म्हणजे गोळ्या, साबण, फडकी, दूध आणि एखाद-दुसरी दवाखान्याची खेप. आणि मुख्य गोष्ट अशी की ते पैसे म्हाताऱ्याच्या नावावर येतात. घरात ज्याच्या नावावर महिन्याला काही येतं, त्याच्या ताटात वेळेवर भाकरी पडते. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण गावात राहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे.

लकवा मारलेल्या माणसाच्या घरच्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एक बाजू कायमची गेली असेल तर ते दिव्यांगत्वच आहे. तपासणीत ते ४० टक्के किंवा जास्त निघालं की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यानंतर यूडीआयडी कार्ड. दिव्यांग म्हणून नोंद झाली तर दीडऐवजी अडीच हजार. पण घरोघरी समजूत अशी की दिव्यांग म्हणजे जन्माचा पांगळा. 'आमच्या बाबाला तर म्हातारपणी झालं' म्हणून लोक अर्जच करत नाहीत.

उत्पन्नाची अट मात्र जाचक आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. पगारच वर्षाचा १८ हजार होतो, म्हणजे अट पगाराच्या जवळ येऊन टेकली. ती वाढवा अशी मागणी जुनीच आहे. खरं उत्पन्न लिहावं तर माणूस बाहेर पडतो आणि खोटं लिहावं तर दाखला देणारा अडकतो. तलाठी भाऊसाहेबांची (कागदावर आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) यात कोंडी होते, हेही खरं.

महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक हे कागद लागतात. अर्ज तहसीलला. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर जित्या माणसाचा पगार बंद पडतो. डिसेंबर २०२४ पासून पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात पडतात. इथं आपल्या जिल्ह्याची खास अडचण आहे. म्हाताऱ्याच्या आधारला मोबाइल नंबर पोराचा जोडलेला असतो, आणि पोरगं बागलकोटच्या फडात. ओटीपी तिकडं वाजतो, म्हातारं इकडं सेतू केंद्राच्या पायरीवर. म्हणून जायच्या आधीच गावात राहणाऱ्या भरवशाच्या माणसाचा नंबर जोडून ठेवावा.

बोटांचे ठसे झिजलेले असतात, अंगठा उठत नाही, बँकेपर्यंत नेणं होत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय की सत्तरीपुढच्या आणि अपंग-आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्या. शाखेत एक लेखी अर्ज टाकून बघा. पोस्टाच्या पेमेंट बँकेचा पोस्टमनही घरी येऊन आधारवर पैसे देऊ शकतो.

चाळिशी-पन्नाशीतल्या सुनेला जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळत असतील तर ते वेगळे, सासूचा पगार वेगळा. मात्र एकाच बाईला निराधारचे दीड हजार आणि लाडकी बहीणचे दीड हजार असं मिळत नाही. लाडकी बहीणला वयाची मर्यादा ६५ आहे. पासष्ट पूर्ण झाले की हप्ता थांबणार, तेव्हा श्रावणबाळचे कागद आधीपासून काढून ठेवावेत.

काठी, खुर्ची, चष्मा यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना निघाली. ६५ वर्षांवरच्या, घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकदाच तीन हजार रुपये. कमोडची खुर्ची यात बसते. ती खाटेशेजारी आली तर सांभाळणाऱ्या बाईचं निम्मं दुखणं वाचतं.

दवाखान्याचं कार्ड घरी चालत नाही

सत्तरीपुढच्या माणसाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्या कुटुंबांना खुली आहे. पण दोन्हींचा पैसा माणूस दवाखान्यात भरती झाल्यावरच लागू होतो. घरी आणल्यावर लागणारी हवेची गादी, लघवीची पिशवी, भरवायची नळी, सांभाळणाऱ्याची मजुरी यातलं काही त्यात येत नाही. कार्ड काढलं म्हणजे काळजी मिटली असं समजू नये.

म्हणून दवाखान्यातून सुट्टी होते त्या दिवशीच डॉक्टर आणि सिस्टरला विचारून घ्यावं: कूस कशी बदलायची, नळी कशी साफ करायची, कोणत्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. आंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो की बीडचं जिल्हा रुग्णालय, सिस्टरनं एकदा हात धरून दाखवलं तर पुढचे दहा फेरे वाचतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. लकव्याचं मोठं कारण वाढलेलं बीपी, आणि बरेच जण 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडतात. या अख्ख्या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय तीच गोळी आहे.

सातबारा हीच म्हाताऱ्याची काठी

आता जमिनीचं. आपल्या बापजाद्यांनी सांभाळण्याच्या खर्चाची तजवीज करून ठेवली होती. वाटण्या होताना आईबापाचा वाटा बाजूला काढायचा, एकर-दोन एकर पोटगीला ठेवायचं. जो सांभाळेल तो ते कसेल आणि पुढं त्याचंच होईल. आता काय होतं? मुलं हट्ट धरतात, कर्जाला बोजा चढवायचा असतो, किंवा रोजची कटकट नको म्हणून म्हातारा सगळं वाटून मोकळा होतो. मग सुरू होते पाळी. महिना थोरल्याकडं, महिना धाकट्याकडं, आणि एकतीस तारखेला कुणाकडं यावर भांडण.

त्यात आणखी एक नुकसान होतं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार ज्याच्या नावावर जमीन त्याला. बापानं जिवंतपणी जमीन नावावरून काढली की त्याचे हप्ते बंद. आणि पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीची मालकी लागते, त्यातून वारसानं आलेल्या जमिनीलाच सूट आहे. म्हणजे बक्षीस मिळालेल्या जमिनीवर पोरालाही हप्ता नाही. दोघांचंही गेलं.

जमीन द्यायचीच असेल तर कागद कसा करावा? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये कलम २३ आहे. 'सांभाळ करीन, दवापाणी बघीन' या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढं घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. पण अट कागदात पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एका निकालात अट असल्याचं दिसलं पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. न्यायालयं उदार असतीलही, पण आपण त्यांच्या भरवशावर का बसावं? बक्षीसपत्र लिहिताना 'देणाऱ्याच्या हयातीत त्यांचं अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार करण्याच्या अटीवर' हे एक वाक्य घालायला सांगा. लिहिणारा म्हणेल की त्याची गरज नसते. तरी घालायला सांगा.

त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र. हयातीत सातबारा आपल्याच नावावर राहतो, आणि मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. मात्र ते स्वतःच्या कमाईच्या मिळकतीचं किंवा वडिलोपार्जितमधल्या आपल्या हिश्शाचंच करता येतं.

पोरांकडून पोटगी मागायची वेळ आली तर त्याच २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे प्रांत साहेबांकडं, साध्या कागदावर अर्ज देता येतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर तीस दिवस वाढवून. महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते. कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात हे सगळे जबाबदार आहेत. मूलबाळ नसलेल्याच्या बाबतीत ज्याला त्याची मिळकत मिळणार तो नातेवाईक. सून यात नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई घालायचं ठरलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. गंमत बघा, कायद्यात जिचं नावच नाही, तीच रात्री उठून कूस बदलते.

नोकरदार पोरांबाबत शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये वेगळीच वाट काढली. आईबापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईबापाच्या खात्यात टाकायचे. पगारदाराचा पगार कापता येतो. उचल घेऊन गेलेल्या मजुराचं काय कापणार? तिथं गावानंच काही केलं पाहिजे.

गावानं काय करावं

दुसरीकडं लोकांनी काय केलं ते बघू. केरळात २०१० पासून 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. पूर्ण वेळ खाटेवर असलेल्या माणसाला जो सांभाळतो, त्याला महिन्याला सहाशे रुपये. रक्कम किरकोळ, आणि ती थकल्याच्या तक्रारीही झाल्या. पण सांभाळणाऱ्याच्या नावानं पैसा निघाला, हे महत्त्वाचं. जर्मनीत १९९५ पासून यासाठी वेगळा विमाच आहे आणि घरच्याच माणसानं सांभाळलं तरी त्यातून पैसे मिळतात. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. कागदावर शब्द आहेत, मागणारे कमी पडतात.

केरळचं दुसरं उदाहरण ग्रामपंचायतींसाठी अधिक उपयोगाचं. तिथं २००८ पासून दुखणं सुसह्य करायच्या सेवेचं सरकारी धोरण आहे. ग्रामपंचायत खर्च करते, एक नर्स गाडीतून घरोघर जाते, आणि गावातले स्वयंसेवक सोबत असतात. त्याआधी लोकांनीच थोडी थोडी वर्गणी काढून हे काम उभं केलं होतं.

आपल्या ग्रामपंचायतीनं एवढं एकदम करावं असं म्हणणं नाही. पण स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचं बंधन आपल्याकडंही आहे. तो पैसा वर्षाअखेरीस घाईघाईनं वाटून टाकण्यापेक्षा हवेची गादी, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची अशा दोन-दोन वस्तू गावच्या मालकीच्या घेतल्या तर? लागेल त्यानं न्यावी, काम झालं की परत आणून द्यावी. लग्नाच्या भांड्यांचा संच गावात असतोच की. अपंगाची तपासणी असते त्या दिवशी एक जीप गावानं सांगितली तर चार खाटेवरची माणसं एका भाड्यात बीडला जाऊन येतात.

ऊसतोडीच्या हंगामात मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. तशीच दोन वेळच्या भाकरीची सोय मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी बचत गटाकडं देता येईल. जाणाऱ्या घरानं धान्य द्यावं, गटाला महिन्याचे ठरावीक पैसे द्यावेत. पाच-सात घरांनी मिळून एक शेजारीण ठेवली तर एका घरावर येणारा बोजा अर्ध्या कोयत्यापेक्षा पुष्कळ हलका होतो, आणि त्या बाईला गावातच काम मिळतं. हा करार तोंडी ठेवू नये. किती घरं, किती पैसे, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार, हे एका कागदावर लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. मुकादमाशी करार करताना आपण हिशेब घालतो, तसाच इथंही घालावा.

ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही फुकट हेल्पलाइन आहे. पोटगी, पेन्शन, छळ, कशाचीही चौकशी तिथं करता येते. हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्यायला काही हरकत नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा ही गाड्या भरण्याआधीची शेवटची. त्या दिवशी आशाताईंकडून खाटेवरच्या माणसांची यादी घ्यावी, आणि प्रत्येक नावापुढं चार गोष्टी लिहाव्यात: पगार चालू आहे का, हयातीचा दाखला दिला का, आधारला कुणाचा नंबर आहे, आणि घरचे गेल्यावर पाणी कोण देणार. चौथ्या रकान्यात ज्यांच्यापुढं नाव येणार नाही, त्यांच्याबद्दल ग्रामसभेनं त्याच दिवशी बोलावं.